भांबराजाची साक्ष

अमरावती, अकोला, बुलढाणा व यवतमाळ हे वऱ्हाडचे जुने चार जिल्हे; कापसावर चौघांचाहि संसार. त्या कापसाविषयीं छापलेल्या एका मजकुराबद्दल २०१२ सालीं एका खेड्यानें साक्ष दिली.

३१ ऑक्टोबर २००८ रोजीं 'टाइम्स ऑफ इंडिया'नें यवतमाळ जिल्ह्यांतील भांबराजा व अंतरगांव यांची हकीकत प्रसिद्ध केली. बीटी कापसामुळें तेथें सुबत्ता आली, दोन्ही गांवांत एकहि आत्महत्या झाली नाहीं, असा तिचा आशय होता. हा दौरा माहिको-मोन्सॅन्टो या बियाण्यांच्या कंपनीनें घडविला होता. तशी नोंद बारीक अक्षरांत होती. ऑगस्ट २०११ मध्यें तोच मजकूर जाहिरात म्हणून पुन्हां छापला गेला.

मार्च २०१२ मध्यें बासुदेव आचार्य यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय कृषि समिति भांबराजास आली. तिचा विषय जनुकीय पिकें हा होता, वृत्तपत्रें नव्हे. तरी ग्रामस्थांनीं तिला सांगितलें कीं, गांवांत १४ आत्महत्या झाल्या आहेत. पी. साईनाथ यांनीं मे महिन्यांत 'द हिंदू'मध्यें हें उघड केलें. २००३ ते २००९ मधील ९ घटनांची त्या पत्रानें खात्री करून घेतली होती.

न्या. राजाध्यक्ष आयोगाच्या १९५४ च्या शिफारशीवरून १९६६ सालीं वृत्तपत्र परिषद स्थापन झाली. परंतु तिच्याकडे तक्रार नेण्यास आधीं मजकूर वाचलेला हवा. इंग्रजी पत्रांत आपल्या दारच्या मृत्यूंविषयीं काय आलें, हें वऱ्हाडी कास्तकारास कोणीं सांगावें? गांवच्या मृत्यूंची गणना गांवापाशींच असते. निदान पुनर्मुद्रणापूर्वीं ती तेथें जाऊन ताडून पाहावयास हवी होती.