शीर सलामत तर पगडी पचास : मोटार-शर्यतींतील शौर्याचा इतिहास

१/ पूर्व द्रुतगती महामार्गावर मुलुंडच्या टोलनाक्यापाशी एक दृश्य नेहमीचे आहे. पुढे पोलीस दिसताच चालकाचा हात खांद्याकडे जातो, सीट बेल्ट छातीवर ओढला जातो, कित्येकदा खटका न लावता नुसता धरून ठेवला जातो. नाका मागे पडला की सुटतो. पट्टा बांधणे हे भित्र्याचे लक्षण, ही समजूत जुनी आहे. साठ वर्षांपूर्वी जगातील सर्वांत वेगवान चालकांपैकीही अनेकांची तीच धारणा होती. ती कशी मोडली, त्याचा हा इतिहास.

२/ फॉर्म्युला वनची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९५० साली सुरू झाली. या गाड्यांची चाके सांगाड्याबाहेर उघडी असतात. मागच्या गाडीचे पुढचे चाक पुढच्या गाडीच्या मागच्या चाकाला भिडले, तर फिरते टायर एकमेकांवर चढतात आणि मागची गाडी हवेत उडते. चालकाचे डोके व खांदे उघडे, आणि भोवती पेट्रोलच्या टाक्या. कठीण कवचाचे हेल्मेट १९५२ साली सक्तीचे झाले. पट्टा मात्र नव्हता. जळून मरण्यापेक्षा बाहेर फेकले गेलेले बरे, असा हिशेब त्यामागे होता.

३/ १२ जून १९६६. बेल्जियममधील स्पा. सुमारे १४ किलोमीटरच्या त्या मार्गावर पहिल्याच फेरीत पावसाने गाठले आणि स्कॉटलंडच्या जॅकी स्टुअर्टची बीआरएम गाडी रस्ता सोडून आदळली. स्टीअरिंगखाली पाय अडकलेले, अंगावर पेट्रोल गळत असलेले. एक ठिणगी पुरेशी होती. ग्रॅहम हिल आणि बॉब बाँड्युरंट हे स्पर्धक, ज्यांच्या गाड्याही तिथेच घसरल्या होत्या, धावत आले. एका प्रेक्षकाकडून पाना मागून त्यांनी स्टीअरिंग सोडवले. सुटका व्हायला सुमारे २५ मिनिटे लागली. पुढे रुग्णवाहिका इस्पितळाची वाट चुकली.

४/ त्यानंतर स्टुअर्ट आपल्या गाडीत पाना चिकटवून ठेवू लागला. त्याने पट्टे, मार्गालगतचे कठडे, प्रशिक्षित डॉक्टर आणि अग्निशमनाची सोय मागितली. मागणी साधी होती, पण तिची किंमत मोठी होती. मार्गांचे मालक, काही पत्रकार आणि काही सहचालकही त्याला भित्रा म्हणू लागले. शर्यतीतून धोका काढला तर उरते काय, असा त्यांचा सवाल होता.

५/ त्याचे उत्तर १९६८ सालाने दिले. ७ एप्रिलला हॉकेनहाइम येथे जिम क्लार्क गेला. त्या पिढीतला सर्वश्रेष्ठ चालक म्हणून सारे त्याच्याकडे पाहत. मे महिन्यात माइक स्पेन्स, जूनमध्ये लुडोव्हिको स्कारफिओटी, जुलैत जो श्लेसर. चार महिने, चार अंत्ययात्रा. क्लार्कसारखा निष्णात चालक वाचत नसेल, तर कौशल्य हे संरक्षण नव्हे, हे बाकीच्यांना कळून चुकले.

६/ चालक आता संघटितपणे बोलू लागले. १९६९ साली स्पाची शर्यत त्यांच्या बहिष्कारामुळे झाली नाही. १९७० साली जर्मनीची शर्यत न्यूरबुर्गरिंगवरून हॉकेनहाइमला हलवावी लागली.

७/ त्याच वर्षी, ५ सप्टेंबरला, इटलीतील मोंझा येथे सरावादरम्यान योखेन रिंटची लोटस गाडी कठड्यावर आदळली. रिंटने पट्टा बांधला होता, पण अर्धाच. आग लागल्यास चटकन बाहेर पडता यावे म्हणून मांड्यांमधून जाणारे पट्टे त्याने लावले नव्हते. धडकेत तो खाली सरकला आणि पट्ट्याच्या बकलाने गळ्याला प्राणघातक जखम झाली. त्या मोसमात पाच शर्यती जिंकून त्याने मिळवलेले गुण अखेरपर्यंत कुणाला ओलांडता आले नाहीत. गड आला, पण सिंह गेला. मरणोत्तर जगज्जेता ठरलेला तो आजवरचा एकमेव चालक. पूर्ण पट्टे १९७२ साली सक्तीचे झाले.

८/ २९ जुलै १९७३, नेदरलँड्समधील झांडफोर्ट. रॉजर विल्यमसनची गाडी उलटून पेटली. डेव्हिड पर्ली आपली गाडी थांबवून, धावत्या गाड्यांमधून मार्ग ओलांडून तिथे पोहोचला. त्याने एकट्याने गाडी उलथण्याचा प्रयत्न केला, अग्निशामक नळकांडे रिकामे केले. मार्गावरील स्वयंसेवकांकडे अग्निरोधक कपडे नव्हते. इतर चालकांना वाटले, धडपडणारा पर्ली हाच जळत्या गाडीचा चालक असून तो सुखरूप आहे. शर्यत थांबली नाही. विल्यमसन वाचला नाही. पर्लीला ब्रिटनचे जॉर्ज पदक मिळाले.

९/ त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतील वॉटकिन्स ग्लेन येथे पात्रता फेरीत स्टुअर्टचा संघसोबती फ्रांस्वा सव्हेर गेला. ती स्टुअर्टची शंभरावी शर्यत ठरणार होती. तीन वेळा जगज्जेता झालेला तो, शंभराचा मोह सोडून, तिथेच निवृत्त झाला.

१०/ १९७६ साली निकी लाउडाने न्यूरबुर्गरिंगवर बहिष्काराची सूचना मांडली. मतदानात ती पडली. १ ऑगस्टला तिथेच त्याची गाडी पेटली. मर्झारियो, लंगर, एर्टल आणि एडवर्ड्स या चार चालकांनी त्याला आगीतून ओढून काढले. सहा आठवड्यांनी, ताज्या जखमांवर हेल्मेट चढवून, तो मोंझाला चौथा आला. जगाने त्याला शूर म्हटले. पण २४ ऑक्टोबरला जपानमधील फुजी येथे, धो धो पावसात, दोन फेऱ्यांनंतर त्याने गाडी थांबवली. जगज्जेतेपद जेम्स हंटकडे गेले, अवघ्या एका गुणाने. मोंझाला परतणे हे शौर्य होतेच. पण भित्रा म्हणवून घेण्याची तयारी ठेवून, हातचे पद सोडून थांबायला त्याहून अधिक धैर्य लागले असावे.

११/ मुंबईत १ नोव्हेंबर २०२२ पासून मोटारीतील सर्वांना, मागे बसणाऱ्यांनाही, पट्टा सक्तीचा झाला. मुलुंडच्या नाक्यावर नुसता हाताने धरलेला पट्टा पोलिसाला फसवू शकतो, धडकेला नाही. अर्ध्या पट्ट्याचा हिशेब रिंटनेही केला होता, तोही विचारपूर्वक. खटका लागल्याचा आवाज ऐकूनच गाडी सुरू करावी.

(समाप्त)