काँगोत आपली पलटण का गेली?

गरीब देश डॉलरांसाठी आपली पोरे परक्या मुलखात पाठवतात, असे आज सर्रास बोलले जाते. आम्ही कामगार चळवळीत वाढलेली माणसे. मजुरीचा हिशेब आधी पाहण्याची आम्हाला खोडच आहे. संयुक्त राष्ट्रसंघ शांतिसेनेतल्या दर जवानामागे दरमहा ठरावीक रक्कम देतो. ती जवानाच्या हाती नव्हे, त्याच्या सरकारला. देश कोणताही असो, दर एकच. हा दर नेपाळ-बांगलादेशाला पुरतो, श्रीमंत देशांना तो परवडत नाही, हे खरेच. पण ही पद्धत १९७० नंतरच्या दशकातली. १९६१ साली आपली ब्रिगेड काँगोत उतरली तेव्हा असा दर नव्हता. मग ती गेली कशासाठी?

३० जून १९६० रोजी काँगो बेल्जियमच्या ताब्यातून सुटला आणि दोन आठवड्यांच्या आत, ११ जुलैला, त्याचा कटांगा प्रांत त्शोंबेने वेगळा काढला. कटांगा म्हणजे तांबे, कोबाल्ट, युरेनियम; आणि खाणी ‘युनियन मिनिएर’ या बेल्जियन कंपनीच्या. मध्यवर्ती सरकारला द्यायचा कर कंपनी त्शोंबेच्या तिजोरीत भरू लागली, आणि त्याच्या फौजेत गोरे भाडोत्री शिपाई दाखल झाले. संप मोडायला मालक गुंड पोसतो, हे आम्हाला ठाऊक आहे. इथे कंपनीने अख्खे राज्यच पोसले!

जानेवारी १९६१ मध्ये पंतप्रधान लुमुम्बांचा कटांगात खून झाला. राष्ट्रसंघाची फौज देशात असताना हे घडले. राष्ट्रसंघावर नाराज होऊन इंडोनेशिया, मोरोक्को, इजिप्त यांनी तर आपले सैनिक परत घेण्याचे आधीच ठरवले होते. संताप नेहरूंनाही होता. आपले तिथे तोवर इस्पितळ आणि पुरवठ्याची माणसे, एवढेच होते. तेही काढून घेता आले असते. त्याऐवजी मार्चमध्ये तीन पायदळ पलटणींची ब्रिगेड निघाली. मात्र ती आधी अटी घालून निघाली, हे आम्हाला महत्त्वाचे वाटते. यादवी टाळण्यासाठी अखेरचा उपाय म्हणून बळ वापरण्याची मुभा सुरक्षा समितीने २१ फेब्रुवारीला दिली. आणि लोकचळवळी दडपायला आपले जवान वापरायचे नाहीत, असे नेहरूंनी बजावले.

यात वसाहतवादाची चीड होतीच. पण नुसती चीड पलटणी हलवत नाही. शेकडो संस्थाने जोडून आपले राज्य उभे राहिले होते. एखादा श्रीमंत प्रांत परकी कंपनीच्या जोरावर फुटून निघतो आणि जग ते पचवते, असा पायंडा पडणे दिल्लीला परवडणारे नव्हते. हा स्वार्थ होता, आणि आमच्या मते रास्त होता.

किंमत मोठी पडली. ५ डिसेंबर १९६१ ला एलिझाबेथव्हिल शहरात अडवलेला रस्ता मोकळा करताना कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया पडले, वय २६. सोबत सोळा गुरखे, समोर नव्वदेक शत्रू. काँगोत आपले एकूण ३९ जण गेले. त्याच डिसेंबरात आपले सैन्य गोव्यात शिरले, तेव्हा शांतीचा उपदेश करणाऱ्यांनी बळ वापरले म्हणून पाश्चात्त्यांनी आपल्याला धारेवर धरले. पोर्तुगीजांनी चौदा वर्षे बोलणीच नाकारली होती, हे ते सोयीस्कर विसरले.

खरा पेच पुढच्या वर्षी आला. ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनने हिमालयात हल्ला केला, तेव्हा ही ब्रिगेड कटांगातच होती. ती तिथेच राहिली. जानेवारी १९६३ मध्ये त्शोंबेने फुटीर राज्य मोडल्याचे कबूल केले, आणि त्यानंतरच ती मायदेशी परतली.