कळफलकावरची वर्णमाला

जुन्या टंकयंत्रावर 'कि' उमटवताना वेलांटी आधी, 'क' नंतर. डोळ्यांना दिसतो तो क्रम. १९८०च्या दशकात केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने इनस्क्रिप्ट कळफलक आखला आणि हा क्रम फिरवला. आता आधी 'क', मग वेलांटी, उच्चारतो तसे. १९९१च्या आयएस १३१९४ या मानकात ही मांडणी समाविष्ट झाली. डावीकडे मुख्यतः स्वर, उजवीकडे मुख्यतः व्यंजने. 'क'च्याच कळीवर शिफ्टसह 'ख', 'ग'च्या कळीवर 'घ'. वापरणाऱ्याला जे आधीच ठाऊक आहे त्यावर रचना उभारावी, हा डिजिटल उत्पादनांच्या अभिकल्पातला पहिला धडा. इथे ते 'ठाऊक' म्हणजे शाळेत घोकलेली वर्णमाला. व्याकरण शिकवणाऱ्याला याचे कौतुक वाटावे, आणि मला ते वाटतेच.

पण बोटांना व्याकरण कुठे कळते? आमच्या नंदनवनातले एक निवृत्त टंकलेखक आजही सवयीने वेलांटी आधी दाबतात. पडद्यावर तिच्या शेजारी ठिपक्यांचे रिकामे वर्तुळ उमटते. ते चुकतात असे म्हणवत नाही. त्यांच्यापाशीही ज्ञान होतेच, फक्त ते बोटांत होते. आमचे विद्यार्थी तर रोमन अक्षरांतून मराठी टंकतात. महाप्राण त्यांना 'एच'वरून ओळखू येतो.