‘न’ कुठे गळाला?

म्हाइंभटांनी जिथे लीळाचरित्र सिद्ध केले आणि २०२४ पासून जिथे मराठी भाषा विद्यापीठ नांदते आहे, ते रिद्धपूर संत्र्याच्या मोर्शी तालुक्यात आहे. इथल्या बालवाडीतले पोर ‘ओ फॉर ऑरेंज’ घोकते, तेव्हा त्याच्या तोंडी आपला ‘नारंग’च असतो, फक्त आरंभीचा ‘न’ गळालेला.

संस्कृतात ‘नारंग’ आणि ‘नागरंग’ अशी दोन रूपे सापडतात. दुसरे रूप अर्थ बसवण्यासाठी मागाहून घडवलेले असावे. मूळ बहुधा द्राविडी. तमिळमध्ये ‘नारु’ धातू वास येण्याचा, आणि मल्याळीत ‘नारंगा’ लिंबाच्या कुळाला लावतात. फारसीने शब्द ‘नारंग’ असाच उचलला. अरबीत ‘ग’ नाही, म्हणून ‘नारंज’. अरबांबरोबर तो स्पेनला पोचला. फळ मात्र कडवट होते, गोड जात युरोपात फार मागाहून गेली.

इंग्रजीत ‘अ नॉरेंज’चे ‘अ‍ॅन ऑरेंज’ झाले, असे पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळते. ‘एप्रन’च्या बाबतीत तसेच घडले, तो पूर्वी ‘नॅपरन’ होता. इथे मात्र तसे नसावे. इटालियन ‘अरांचा’ आणि जुने फ्रेंच ‘ओरेंज’ पाहिले, तर शब्द इंग्रजीत शिरण्याआधीच त्यातला ‘न’ गेलेला दिसतो. फ्रेंच ‘ऑर’, म्हणजे सोने, यानेही आरंभीचा ‘अ’ आपल्याकडे ओढला असावा. पोर्तुगीजांनी ‘न’चा ‘ल’ करून ‘लारांजा’ म्हटले. रंगाला हे नाव इंग्रजीत सोळाव्या शतकात लागले, तोवर पिवळा-तांबडा म्हणून भागत होते. आपल्याकडे भगवा, केशरी, शेंदरी असताना ‘नारिंगी’ला काम थोडेच उरले.

खरे कोडे ‘संत्र्या’चे. पोर्तुगालच्या सिंत्रा गावावरून तो शब्द आला, असे काही जण म्हणतात. मोसंबे मोझांबिकवरून आले, अरबी-तुर्कीत गोड संत्र्याला पोर्तुगालचेच नाव आहे, तेव्हा मोह पडावा असेच हे मत. पण बाबराने हिंदुस्थानातल्या फळांच्या वर्णनात ‘नारंज’ आणि ‘संगतरा’ वेगवेगळे नोंदवले आहेत. पोर्तुगीजांनी गोवा घेतला १५१० मध्ये, बाबर वारला १५३० मध्ये. इतक्या थोड्या काळात एका परक्या गावाचे नाव किनाऱ्यावरून उत्तरेत जाऊन रुळावे, हे मला पटत नाही. ‘संगतरा’च पूर्वज असावा. फारसी कानाला त्यातला ‘संग’, म्हणजे दगड, खटकला असणार. मुघल बादशहा मुहम्मदशहाने म्हणे फळाचे नाव ‘रंगतरा’ केले. ते टिकले नाही.

फारसीचा खरा ठसा बागेतच सापडतो. बाग ताणावर सोडून पुढे पाणी दिले की फुटतो तो ‘बहार’. आंब्याला मोहर येतो त्या दिवसांत धरला तर आंबिया, मृगाच्या पावसावर धरला तर मृग बहार. मृग संस्कृत नक्षत्र, बहार फारसी, आणि दोहोंची सांधेजोड कुणाला जाणवतही नाही. फारसीत ‘बहार’ म्हणजे वसंत, हे सर्वांना ठाऊक असते. पण इराणात कडवट नारंगाच्या फुलालाही ‘बहार-नारंज’ म्हणतात. आपल्या बागाइतदारांचा ‘बहार’ ऋतूपेक्षा त्या फुलाच्या अधिक जवळचा दिसतो.