तारा, घड्याळ आणि किनब्रुकची चाकरी

ग्रीनिच येथील वेधशाळेचे राजज्योतिषी नेव्हिल मॅस्केलिन यांनीं इ. स. १७९६ च्या आरंभीं डेव्हिड किनब्रुक ह्या आपल्या साहाय्यकास कामावरून दूर केलें. त्याचा अपराध एवढाच कीं, दुर्बिणींतील उभ्या तंतूवरून तारा सरकल्याची जी वेळ तो नोंदी, ती मॅस्केलिन यांच्या नोंदीहून सुमारें आठ दशांश सेकंद मागाहूनची भरे. आदल्या वर्षींच्या ऑगस्टांत हा फरक अर्ध्या सेकंदाचा होता. समज दिल्यावर तो कमी न होतां वाढला! ही क्षुल्लक हकीकत विज्ञानाच्या इतिहासांत कां टिकून राहिली, तें वाचकांपुढें मांडावें असें आम्हांस वाटतें.

वेध घेण्याची ब्रॅडलेपासून चालत आलेली रीत अशी: घड्याळाकडे पाहून सेकंद ध्यानांत घ्यावयाचा, मग डोळा दुर्बिणीस लावून कानानें ठोके मोजीत राहावयाचें. तंतूच्या अलीकडे असतां एका ठोक्यास तारा कोठें होता व पलीकडे गेल्यावर पुढच्या ठोक्यास कोठें, हीं दोन स्थानें मनांत धरून मधल्या अंतराचे दहा भाग कल्पावयाचे. आतां तारा कांहीं ठोक्यासाठीं थांबत नाहीं. ‘ठोका पडला तेव्हां तारा येथें होता’ हें वाक्य एकट्या डोळ्याचें नाहीं, एकट्या कानाचेंही नाहीं. दोघांच्या साक्षी जुळवून कोणी तिसऱ्यानेंच तें उच्चारलेलें असतें.

कोनिग्सबर्ग येथील ज्योतिर्विद बेसेल यांच्या वाचनांत ही हकीकत आली, व १८२० च्या हिवाळ्यांत त्यांनीं वालबेक यांच्याबरोबर तेच तारे पाहून आपल्या व त्यांच्या नोंदी ताडून पाहिल्या. फरक एका सेकंदाहून अधिक निघाला! दोघांतही आळशी कोणी नव्हता. ह्या फरकास पुढें ‘वैयक्तिक समीकरण’ असें नांव पडलें. किनब्रुक मात्र १८०२ सालींच वारला होता.

पुढें वुंट यांनीं तारा बाजूस सारून लंबक घेतला. लंबकाबरोबर कांटा फिरे व एका ठिकाणीं घंटा वाजे. घंटेच्या क्षणीं कांटा जेथें ‘दिसे’ तेथें तो प्रत्यक्षांत नसे. दोन इंद्रियांकडे अवधान एकाच क्षणीं सारखें पोंचत नाहीं, असा त्यांचा तर्क होता. गौतमाच्या न्यायसूत्रांत अनेक ज्ञानें एकसमयीं उत्पन्न होत नाहींत हेंच मनाचें गमक मानलें आहे, याची येथें आठवण होते. दोन्ही मतें एकच, असें मात्र आम्ही म्हणत नाहीं.

येथवर ध्वनि केवळ प्रश्न विचारीत होता. तो दृश्यच पालटूं शकतो, हें १९९७ सालीं रॉबर्ट सेक्युलर, ॲलिसन सेक्युलर व रेने लाउ यांनीं दाखविलें. प्रयोग इतका साधा कीं तो मॅस्केलिनच्या काळीं कां सुचला नाहीं असें वाटावें. पण त्यास हलतें चित्र लागतें. दोन सारख्या चकत्या समोरासमोर येतात, मध्यावर एकमेकींस झांकतात व पुन्हां दूर होतात. मेट्झगर यांनीं १९३४ मध्येंच अभ्यासिलेलें हें दृश्य द्व्यर्थी आहे: चकत्या एकमेकींतून पार गेल्या म्हणावें, कीं आपटून माघारी फिरल्या? निःशब्द पाहतां त्या बहुधा पार जातांना दिसतात. भेटीच्या क्षणीं बारीकसा ‘टक्’ वाजवा, कीं टक्कर दिसण्याचें प्रमाण लक्षांत येण्याजोगें वाढतें. पडद्यावरचा एक कणही बदललेला नसतो!

जगांत वस्तु आपटतात तेव्हां आवाज होतो, हें मेंदूस ठाऊक असल्यामुळें असें होतें, हा उलगडा मोहक खरा. पण तेवढ्यानें भागत नाहीं. वातानाबे व शिमोजो यांस २००१ मध्यें असें आढळलें कीं, तोच आवाज एकसारख्या आवाजांच्या माळेंतला एक मणी झाला, तर त्याचा प्रभाव ओसरतो. ग्रीनिचच्या घड्याळाचे ठोके अशीच माळ होते. तेव्हां किनब्रुकचा तारा व सेक्युलरांच्या चकत्या यांचें नातें सख्खें नव्हे, चुलत आहे, असेंच आम्हांस म्हणावें लागतें.