हँडपीस, ऑटोक्लेव्ह आणि तुमचा फोन: साथीच्या काळात दातांचा दवाखाना सुरक्षित कसा ठेवतात?

मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाली आणि शहापूर-मुरबाडकडची दाढदुखी एकदम अवघड झाली. मुरबाडला रेल्वे नाहीच, शहापूरकर आसनगावहून लोकल पकडतात, आणि मोठ्या उपचाराला दोघांनाही कल्याण-ठाण्याकडेच जावं लागतं. त्यातच १९ मे २०२० ला केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने दातांच्या दवाखान्यांसाठी वेगळ्या सूचना काढल्या. कंटेनमेंट झोनमधले दवाखाने बंद, रेड झोनमध्ये फक्त तातडीचे उपचार, आणि पेशंटने आधी फोन करून मगच यायचं. दातांच्या डॉक्टरांवरच एवढी बंधनं का?

हवेत काय उडतं?

कारण त्यांचं मशीन. घरातला पंखा फुल स्पीडवर मिनिटाला साधारण साडेतीनशे फेरे मारतो. दात कोरायचा हँडपीस हवेच्या दाबावर ३ ते ४ लाख फेरे मारतो! दात तापू नये म्हणून त्यातून पाण्याचा फवाराही चालू असतो. हे पाणी तोंडातल्या थुंकीत, रक्तात मिसळून बारीक तुषार होऊन उडतं. मोठे थेंब खाली पडतात, पण बारीक कण हवेत तरंगत राहतात. यालाच एरोसोल म्हणतात. दात साफ करणारा अल्ट्रासोनिक स्केलरही हेच करतो.

उपाय तसा सोपा आहे: तुषार तोंडाजवळच अडवायचे. जोरदार सक्शन बरंचसं ओढून घेतं. रूट कॅनालच्या वेळी दाताभोवती रबरी पडदा, म्हणजे रबर डॅम, लावला की थुंकी फवाऱ्यात फारशी मिसळत नाही. ही युक्ती १८६४ पासूनची आहे, कोरोनासाठी शोधलेली नाही.

तरी जे उडतं ते खोलीबाहेर जायला वेळ लागतो. खोलीतली हवा तासाला ६ वेळा बदलत असेल तर ९९ टक्के कण जायला साधारण ४६ मिनिटं लागतात, १२ वेळा बदलत असेल तर २३. म्हणून त्या काळात दोन पेशंटमध्ये एवढं अंतर ठेवायचे. स्प्लिट एसी तीच हवा फिरवत राहतो. त्यापेक्षा उघडी खिडकी आणि एक्झॉस्ट फॅन बरा. दारात कपाळाला लावायची थर्मामीटरची बंदूक मात्र दिलासा जास्त द्यायची. ताप नसलेला पेशंटही व्हायरस पसरवू शकतो, तो तिला कुठून कळणार?

ऑटोक्लेव्ह म्हणजे मोठा कुकरच

कोरोनाचा व्हायरस साबणानेही मरतो. हिपॅटायटिस बी चिवट आहे, वाळलेल्या रक्तात तो ७ दिवस तग धरू शकतो. काही बॅक्टेरियांचे बीजाणू तर उकळत्या पाण्यालाही दाद देत नाहीत. म्हणून अवजारं नुसती उकळून चालत नाही. दाब वाढवला की पाणी १०० अंशांच्या वर जाऊन उकळतं. ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर १५ मिनिटं किंवा १३४ अंशांवर किमान ३ मिनिटं वाफ लागते.

गोची हँडपीसची आहे. तो आतून पोकळ असतो, आणि नळीत हवा अडकली तर वाफ आत पोचत नाही. क्लास बी प्रकारचं मशीन आधी पंपाने हवा ओढून घेतं, साधं मशीन ओढत नाही. पाऊचवरच्या खुणेचा रंग बदलला म्हणजे पाऊच तापलं, एवढंच कळतं. जंतू खरंच मेले का, हे बीजाणूंच्या टेस्टमधूनच कळतं.

आता आपल्याकडची अडचण: लाईट. सायकल अर्ध्यात असताना लाईट गेली तर ती पहिल्यापासून लावावी लागते, आणि घरगुती इन्व्हर्टरवर एवढा हीटर सहसा चालत नाही. म्हणून अवजारांचे जास्तीचे सेट आदल्या दिवशीच तयार ठेवणं शहाणपणाचं. उशीर झाला म्हणून डॉक्टरांवर चिडण्याआधी हे लक्षात घ्या. पाऊच तुमच्यासमोर फोडायला सांगायला मात्र लाजू नका.

लॉकडाऊननंतर आणखी एक काम निघालं. खुर्चीच्या बारीक नळ्यांत आठवडेच्या आठवडे पाणी साचून राहिलं तर आत जंतूंचा बुळबुळीत थर धरतो. त्यामुळे दवाखाना पुन्हा उघडताना त्या साफ करून घ्याव्या लागतात.

तुमच्या फोनचं काम

साथीत विनाकारण फेरी टाळायची तर आधी फोटो पाठवा. डॉक्टरांना विचारून, लेन्स पुसून, गाल चमच्याने बाजूला धरून, फ्लॅश लावून दुसऱ्या कुणाला तरी काढायला सांगा. डोळखांब किंवा माळशेजच्या बाजूला व्हिडिओ कॉल अडकतो, फोटो आणि दोन ओळींचा मेसेज जातो. कधीपासून दुखतं, सूज आहे का, कुठली गोळी घेतली, डायबिटीस आहे का, एवढं लिहा. दवाखान्यात मात्र फोन बॅगेतच राहू द्या, कारण ते तुषार स्क्रीनवरही बसतात.

जबड्याखाली सूज, तोंड उघडेना, गिळता येईना किंवा श्वास अडकतोय असं असेल तर फोटो काढत बसू नका. तडक शहापूरचं उपजिल्हा रुग्णालय किंवा मुरबाडचं ग्रामीण रुग्णालय गाठा. गाडी नसेल तर १०८ ला फोन लावा.