नाळेच्या डबीतला पुरावा : मिनामाताची गोष्ट

१/ जपानमध्ये मूल जन्मले की त्याच्या नाळेचा सुकलेला तुकडा लहानशा लाकडी डबीत घालून घरात जपण्याची प्रथा आहे. आपल्याकडे नाळ पुरतात, तिकडे ती सांभाळून ठेवतात. या घरगुती रिवाजामुळे विसाव्या शतकातील एका भीषण विषबाधेचा हिशेब वर्षावार मांडता आला. त्याविषयीचा हा थ्रेड.

२/ क्युशू बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर मिनामाता वसले आहे. तेथील चिस्सो कंपनीच्या कारखान्यात १९३२ पासून ॲसिटाल्डिहाइड हे रसायन तयार होई. त्यासाठी उत्प्रेरक म्हणून पाऱ्याचे संयुग वापरीत. प्रक्रियेत त्यातील काही पाऱ्याचा मिथिल पारा बने आणि सांडपाण्याबरोबर समुद्रात जाई. तेथून शिंपल्यांत, माशांत आणि अखेर कोळ्यांच्या ताटात.

३/ प्रथम मांजरे झोकांड्या खाऊ लागली, गरगर फिरू लागली, समुद्रात पडून मरू लागली. मग माणसे. हातपाय बधिर, नजर आक्रसलेली, बोलणे अडखळते, झटके. १ मे १९५६ रोजी मेंदूच्या या अज्ञात विकाराची अधिकृत नोंद झाली. ती कळवणारे रुग्णालय कारखान्याचेच होते. प्रमुख होते डॉ. हाजिमे होसोकावा.

४/ मेंदूच का? मिथिल पारा सिस्टीन या अमिनो आम्लाशी जोडला गेला की ते संयुग मेथिओनीनसारखे दिसते. मेथिओनीन शरीराला हवेच असते. मेंदूच्या रक्तवाहिन्यांतील वाहक प्रथिने ते आत नेतात. त्याच वाटेने विषही आत जाते. शरीराची स्वतःची पोषणव्यवस्थाच त्याला दार उघडून देते. गर्भवतीच्या वारेतही हेच घडते.

५/ १९५९ हे वर्ष निर्णायक ठरू शकले असते. जुलैत कुमामोतो विद्यापीठाच्या संशोधकांनी सेंद्रिय पाऱ्याकडे बोट दाखवले. इकडे होसोकावा मांजरांना कारखान्याचे सांडपाणी अन्नातून देऊन पाहत होते. ऑक्टोबरात ४०० क्रमांकाच्या मांजरात तीच लक्षणे उमटली. व्यवस्थापनाने हा निष्कर्ष दडपला.

६/ डिसेंबरात समारंभपूर्वक नवी शुद्धीकरण यंत्रणा सुरू झाली. मिथिल पारा काढणे तिच्या आवाक्यातले नव्हते. ३० डिसेंबरला रुग्णांशी ‘सहानुभूती रकमे’चा करार झाला. त्यातील एक कलम असे, की पुढे कारखाना दोषी ठरला तरी रुग्णांनी अधिक भरपाई मागू नये. स्वतःच्या निर्दोषपणाची खात्री असणारा असे कलम कशाला घालील?

७/ आता मुलांकडे वळू. वार गर्भाला विषापासून वाचवते, असा तेव्हाच्या वैद्यकाचा समज. त्यामुळे जन्मतःच अपंग असलेल्या मुलांना ‘सेरेब्रल पाल्सी’ म्हणून बाजूला काढले जाई. १९६१ मध्ये तरुण डॉक्टर मासाझुमी हारादा यांना एका घरात दोन भाऊ दिसले. लक्षणे सारखीच, पण थोरल्याचे निदान मिनामाता रोग, धाकट्याचे वेगळे, कारण त्याने मासे खाल्लेच नव्हते. आईचे म्हणणे सरळ होते : मासे मी खाल्ले, विष पोटातल्या बाळाकडे गेले. आईचा तर्क पाठ्यपुस्तकापेक्षा बरोबर निघाला. एका मुलीच्या शवविच्छेदनानंतर, १९६२ च्या अखेरीस, १६ मुलांना रुग्ण म्हणून मान्यता मिळाली.

८/ सांडपाणी मात्र वाहतच राहिले. मे १९६८ मध्ये, ही उत्पादनपद्धतीच कालबाह्य झाल्यावर, ते थांबले; सप्टेंबरात सरकारने कारण मान्य केले. १९७० मध्ये कर्करोगाने अंथरुणाला खिळलेल्या होसोकावांनी रुग्णालयातूनच न्यायालयाला ४०० क्रमांकाच्या मांजराची साक्ष दिली आणि त्याच वर्षी ते वारले. २० मार्च १९७३ रोजी कुमामोतो जिल्हा न्यायालयाने कंपनीला दोषी ठरवले, १९५९ चा करारही रद्दबातल केला.

९/ तरी एक प्रश्न उरलाच. पंधरा-वीस वर्षांपूर्वी गर्भात असलेल्या बाळाला किती विष पोहोचले, हे सांगायचे कसे? रक्तातला पारा काही महिन्यांत ओसरतो, केस कापले जातात. हारादांना डब्यांची आठवण झाली. घराघरांतून सुकलेल्या नाळा गोळा झाल्या, त्यांतील मिथिल पारा मोजला गेला आणि आकडे जन्मवर्षानुसार मांडले गेले. कारखान्याचे ॲसिटाल्डिहाइडचे उत्पादन ज्या वर्षांत चढले, त्या वर्षांच्या नाळांतला पाराही चढलेला होता. उत्पादन घटले तसा तोही उतरला होता.